तोडीला गेलेल्यांची राज्यं

मामा, पहिली गोष्ट. तू माझा कालवा अडवलास.

परवा उघडली आपल्या गेमची तुझी शेवटची फाईल. मेलमध्ये तशीच पडून होती. भांडणानंतर दोन दिवसांनी तू पाठवलेली, विषयात नेहमीचं 'तुझा टर्न', म्हणजे आता माझी खेळी. रागात मी उघडलीच नव्हती. मग तू गेलास आणि उघडायची हिंमत होईना. मला वाटत होतं आत काहीतरी असणार. तू तह केला असशील, धान्याच्या गाड्या पाठवल्या असशील, गेमच्या भाषेत सॉरी बिरी म्हणाला असशील. उघडते तर काय, नदीच्या वरच्या वळणावर हा एवढा बंधारा, माझ्या चार गावांचं पाणी बंद, बंधाऱ्यावर दोन बुरूज, आणि बंधाऱ्याला नाव काय दिलंस तर 'तनूचा राग'. मी इतक्या जोरात हसले की मम्मी स्वयंपाकघरातून धावत आली. तोवर मी रडत होते. तिला काय सांगू? तुझ्या भावानं माझं पाणी तोडलं म्हणून?

हे मी आपल्या रिव्हरकीप गेमच्या ग्रुपवर टाकणार आहे. त्यामुळे ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, मध्ये बोलू नकोस. मिलिंदमामा म्हणजे माझ्या मम्मीचा सगळ्यात धाकटा भाऊ. तिसगावला स्टँडजवळ त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर जो फक्त मामाच्या शिव्या ऐकून चालायचा, आणि दारात चपलांचा ढीग. चपला पोरांच्या. कारण फॉर्मवाले नसले की दोन्ही कॉम्प्युटरवर रिव्हरकीप चालू असायचा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे उठून बोलले मामा. वस्तीतले, कॉलेजचे मित्र, एक आजी तर म्हणाल्या, "माझं रेशनकार्ड ह्यानंच आनलं." मग भंतेजींनी विचारलं, अजून कुणाला दोन शब्द बोलायचेत का, आणि मम्मीनं मला पुढं ढकललं. मी माईक धरला, म्हणाले, "मामा चांगला होता," आणि खाली बसले. एवढंच. आयुष्यभर तुझं डोकं खाल्लं बडबड करून आणि त्या दिवशी तीन शब्द. म्हणून हे लिहितेय. आणि दुसरं कारण म्हणजे आपलं भांडण संपलेलं नाही. तू मध्येच उठून गेलास.

मी आठ वर्षांची होते तेव्हा तू मला रिव्हरकीपचा पहिला भाग दाखवलास. शेजारी स्टूल टाकून बसवलंस आणि म्हणालास, "तने, ही नदी. हिच्याशी भांडायचं न्हाई. हिला इचारायचं, बाई कुठनं जाऊ?" मला वाटलं लढाईचा गेम असेल. कसलं काय. कालवा खणायला सहा टर्न, धरणाला बारा. तोवर नुसतं बसायचं, पेरायचं, धान्य कोठारात भरायचं आणि शेजारचा राजा चालून येऊ नये म्हणून देव नाही तर निदान गणित धरून ठेवायचं. मी दर दोन मिनिटाला ओरडायचे, "झालं का? झालं का?" तू म्हणायचास, "भात शिजतोय. झाकण काढू नको." मला धीर धरायला त्या गेमनं शिकवलं म्हणतात ना, ते खोटं आहे, मला अजून धीर नाही. पण बारा टर्न थांबल्यावर धरण भरलं की जे वाटायचं, ते मला अजून दुसऱ्या कशात सापडलेलं नाही. आणि ते बारा टर्न सगळ्यांना बाराच. माझ्याकडं पप्पांचा लॅपटॉप होता आणि तुझ्या दुकानात अनवाणी पोरं होती, तरी बाराच. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

आता वैशालीचं प्रकरण. हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही, तूही सांगितलं नाहीस.

दुसऱ्या भागात सेव्ह करायला आठच जागा होत्या. दुकानातल्या एका कॉम्प्युटरवर आठ पोरांची आठ राज्यं. आणि दिवाळीच्या आसपास ती सगळी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, गुढीपाडव्याच्या सुमारास परत. पाच महिने ती आठही राज्यं तशीच. तुझा नियम होता, त्यांना कुणी हात लावायचा नाही. गिऱ्हाईकाची पोरं येऊन म्हणायची, "मामा, आमाला जागा द्या की, हे तर गावात बी न्हाईत." तू म्हणायचास, "घर बंद हाय म्हणून कुनी कुलूप तोडतं व्हय रं?"

मी तोडलं. बारा वर्षांची होते, दिवाळीच्या सुट्टीत आले होते, तू पाथर्डीला शाई आणायला गेला होतास. मला नवीन राज्य सेव्ह करायचं होतं. आठ नावांतलं एक नाव 'वैशाली'. मी तिला एकदाच पाहिलं होतं, माझ्याच वयाची, दोन वेण्या, फार बोलत नसे. मी तिच्या नावावर माझं सेव्ह केलं. संपलं. एकशे बारा टर्न, दोन उन्हाळ्यांचं काम, एका बटणात.

तू आल्यावर मी लगेच सांगितलं, कारण मला त्यात काही वाटलंच नव्हतं. तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू खुर्चीवर बसलास, शाईची पिशवी मांडीवरच होती, आणि म्हणालास, "तिला काय सांगू मी?"

मग त्या हिवाळ्यात तू तिचं राज्य परत बांधलंस. पहिल्या टर्नपासून. मी नाताळच्या सुट्टीत आले तेव्हा बघितलं ते. तू चुकीच्या जागी पूल टाकत होतास. मी म्हणाले, "मामा, तिकडं नको, तिकडं पुरात वाहून जाईल." तू म्हणालास, "मला कळतंय. पन तिनं तिथंच टाकलाय. वाहून बी गेलता. मग तिनं वर टाकला." म्हणजे तू तिच्या चुकासुद्धा आठवून आठवून परत करत होतास. मी असा गेम खेळणारा माणूस नंतर कुठेच पाहिला नाही, आणि मी जगभरातल्या लोकांबरोबर खेळलेय.

त्याच हिवाळ्यात तू शिकलास की सेव्हची फाईल उचलून दुसरीकडं ठेवता येते. मग तू डेस्कटॉपवर एक फोल्डर केलास. नाव ठेवलंस 'तोडीला गेलेत'. दरवर्षी पोरं निघाली की त्यांची राज्यं त्या फोल्डरमध्ये, आली की परत जागेवर.

बरं. आता आपलं भांडण.

चौथ्या भागाची घोषणा झाली तेव्हापासूनच आपलं वाजत होतं. गेम फुकट. मोबाईलवर. सगळ्यांसाठी. ग्रुपवर लोक नाचत होते. मी तुला फोन करून म्हणाले, "मामा, फुकट म्हणजे फुकट नसतं, ते कुठून तरी काढणार." तू म्हणालास, "तने, लई लवकर रडतीस. आधी बघ तरी." मग आला गेम, आणि मी पहिल्या दिवशीच चार तास खेळले, कारण माझ्याच्यानं राहवत नाही. कालव्याला सहा टर्न नाहीत आता, आठ तास लागतात. खरे, घड्याळातले. आणि शेजारी निळं बटण: हिरे द्या, आत्ता करा. हिरे विकत. म्हणजे ज्याच्याकडं हिरे त्याला नदी वाट देते आणि ज्याच्याकडं नाहीत त्यानं भात शिजेपर्यंत जाहिराती बघायच्या. कळलं का, बारा टर्न सगळ्यांना बारा होते, तेच त्यांनी विकायला काढलं! झाकण काढायचे पैसे घेतात, मामा. आणि शेवट नाही गेमला. पूर्वी राज्य बुडायचं तरी, माणूस नव्यानं सुरू करायचा. आता नुसतं चालूच, रोज या, रोज या, आला नाहीत तर मोबाईल स्वतःहून हाका मारतो.

हे सगळं मी तुला एका दमात सांगितलं. तू दुकानात होतास, मागं पोरांचा कालवा ऐकू येत होता. तू म्हणालास, "तुझं खरं हाय. पन हितं आठ पोरं खेळायलीत आत्ता, आपापल्या बापाच्या मोबाईलवर. त्यांना तिसरा भाग कुनी घेऊन दिला असता?"

मी म्हणाले, "म्हणून काय कचरा खेळायचा?"

"कचरा तुला. त्यांना नवी नदी हाय."

आणि मग मी ते म्हणाले. "तुला काय फरक पडतो? तू आयुष्यात एक गेम विकत घेतला नाहीस. कॉपी केलेल्या सीडीवर दुकान चालवलंस. तिसरा भागसुद्धा मी घेऊन दिला. फुकट्या माणसाला फुकटच गोड लागणार."

तू म्हणालास, "व्हय." आणि फोन ठेवलास.

दोन दिवसांनी आपल्या तिसऱ्या भागातल्या डावाची, बंधाऱ्याची फाईल आली, ती मी उघडली नाही. नंतर मम्मी म्हणाली तुला बरं नाहीये, मी म्हणाले विचारते उद्या. तू कावीळ अंगावर काढलीस आणि मी राग अंगावर काढला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, ते इथं लिहीत नाही.

दिवाळीच्या आधी मामीचा फोन आला. दुकान बंद करायचंय, जुने कॉम्प्युटर भंगारवाला न्यायला येणारे, त्यात तुझं काही असेल तर बघून जा. मी घरून, सावेडीतून, रिक्षानं स्टँडवर आणि तिथून पाथर्डी गाडीनं तिसगाव. दुकान उघडं होतं, मामी एकटीच खोकी भरत होती. प्रिंटर गप्प होता. मी मुद्दाम एक शिवी घातली त्याला, तुझ्या आवाजात. मामी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असं म्हणाली.

काउंटरच्या काचेखाली तुझा सगळा संसार होता तसाच. कुणाकुणाचे पासपोर्ट फोटो, बाबासाहेबांचं छोटं चित्र, कुठल्या दाखल्याला काय काय लागतं त्याची यादी. आणि एक नवा कागद. वर तुझ्या तिरक्या अक्षरात 'तोडीला जाणारे'. खाली आठ नावं. प्रत्येक नावापुढं त्याच्या खात्याचं नाव. पासवर्ड सगळ्यांचा एकच, गावाचं नाव आणि एक दोन तीन. तुला किती वेळा सांगितलं असले पासवर्ड ठेवू नये म्हणून! आणि त्याच्यापुढं पट्टीनं आखलेली बारीक बारीक घरं. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत. रोजचं एक. सगळी रिकामी.

मला काही कळेना. मामीलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात दारात कुणीतरी चप्पल काढली. वैशाली.

ती आता पाथर्डीला कॉलेजला आहे, तोडीला जात नाही. आईबाप आणि धाकटा भाऊ सोन्या जातात. वेणी एकच राहिलीय. ती म्हणाली, "तोडीची टोळी परवा निघतीय. पोरं इचारायलीत, मामाचं काम आता कोन करनार?"

"कसलं काम?"

तिनं मोबाईल काढून दाखवलं. चौथ्या भागातला नियम. मी चार तास खेळले होते, पुढं गेलेच नव्हते, मला माहीतच नव्हता. वीस दिवस तुम्ही गेममध्ये आला नाहीत तर नदीला पूर येतो आणि तुमचं राज्य वाहून जातं. सगळं. पूर थांबवायचा असेल तर हिरे.

"तिकडं फडाजवळ कोप्यात ऱ्हायचं, लाईट न्हाई," वैशाली म्हणाली. "एकच मोबाईल, तो बापासंगं फडात. पोरं पहाटंपास्नं उसाचं वाढं गोळा करत्यात. कोन खेळनार? मामाला हे पहिल्या आठवड्यातच कळलंतं. तवाच म्हनला, तुमी जा, मी इसरू नये म्हनून रोजच प्रत्येकाच्या घरात एकदा डोकावून येत जाईन, म्हंजी नदीला वाटंल मानूस हाय."

म्हणजे तुला माहीत होतं. मी फोनवर घसा फोडून सांगत होते की हा गेम गरिबाला लुबाडणार, आणि तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तू मला हेही सांगू शकला असतास. मी 'फुकट्या' म्हणाले तेव्हा हा कागद तुझ्या समोर काचेखाली असणार. तू नुसतं 'व्हय' म्हणालास. मामा, असं करायचं नसतं. भांडताना समोरच्याला सगळी माहिती द्यायची असते.

मी तिथंच स्टुलावर बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "वैशाली, तुझं राज्य मी पुसलं होतं. दुसऱ्या भागातलं. मामानं परत बांधलं. तुला कुणी सांगितलं नाही."

ती म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय?"

"तवा सोन्या नुकता झाल्ता. मी एका गावाचं नाव सोन्यापूर ठिवलंतं. परत आले तर तिथं लिहिलेलं मिलिंदनगर." ती हसली. "बाकी समदं बरोबर हुतं. पूल बी. पन नाव मामानं कधी वाचलं नसनार."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? एवढं राज्य कुनीतरी माझ्यासाठी बसून बांधलंतं. मी गपचीप नाव बदललं." मग म्हणाली, "तू पुसलं व्हय? मला वाटलं उंदरानं वायर कुरतडली."

मामी खोकं भरता भरता थांबली होती. ती म्हणाली, "मिलिंदनगर? स्वतःच्या नावाचं गाव वसवलं यानं आणि मला घराला रंग द्यायला वेळ नव्हता?" आणि मग आम्ही तिघी हसलो, आणि मग नाही हसलो.

भंगारवाला आला तेव्हा मामीनं त्याला प्रिंटर दिला आणि एक कॉम्प्युटर दिला. दुसरा ठेवला. तो आता माझ्या खोलीत आहे. गाडीत मांडीवर घेऊन आले, कंडक्टर म्हणाला याचं अर्धं तिकीट काढा.

तर आता परिस्थिती अशी आहे. टोळी गेलीय. वैशाली म्हणाली सोन्याचं आणि अजून एकाचं ती बघेल, सहा माझ्याकडं. रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी सहा खाती उघडते. एकात जायचं, शेतातलं धान्य कोठारात टाकायचं, एक कालवा लावायचा, निघायचं, दुसऱ्यात जायचं. मी त्यांच्या चुका दुरुस्त करत नाही. त्या पिंट्यानं कोठार नदीच्या पात्रात बांधलंय, मला ते बघून खाज सुटते, पण मी हात लावत नाही. लावला असता तर तू काय म्हणाला असतास ते मला ऐकू येतं. जाहिराती बघते. निळ्या बटणाला शिव्या घालते. मग तुझ्या कागदावर एक घर भरते. तू पट्टीनं आखलंयस त्यामुळे बाहेर जाता येत नाही.

गेमबद्दल माझं मत बदललेलं नाही. ज्यांनी ही नदी वीस दिवसांवर टांगली त्यांना हे माहीत आहे की कोण वीस दिवस येऊ शकत नाही, आणि नसेल माहीत तर त्याहून वाईट. आपल्याला जो गेम आवडायचा तो हा नाही. पण सोन्यानं टोळीबरोबर निघायच्या आधी मला त्याचं धरण दाखवलं, कसं भरलं ते, आणि त्याच्या तोंडावर तेच होतं जे माझ्या तोंडावर असायचं आठव्या वर्षी. तेही खरं आहे. दोन्ही खरं असलं तर भांडण कसं संपवायचं ते मला येत नाही. तुला यायचं, तू बंधारा घालायचास.

फुकट्या म्हणाले ते चुकलं. तुझ्यासारखी किंमत कुणीच मोजली नसेल त्या गेमची. हा गेमही फुकट नाही मामा. रोज वीस मिनिटं लागतात. आठ जणांना धरून तुला जास्त लागली असती आणि तू पाच महिन्यांची आखून ठेवली होतीस.

राहता राहिला तुझा बंधारा. तो मी फोडणारच आहे, तयारी करून ठेव, माझ्याकडं हत्ती आहेत. पण आत्ता नाही. पाडव्याला पोरं परत येतील, त्यांच्यासमोर फोडेन, तुझी बाजू घेऊन ओरडायला कुणीतरी पाहिजे. आपल्या गेममध्ये कितीही दिवस थांबलं तरी नदी तिथंच असते.

तोवर आपली फाईल मी जुन्या कॉम्प्युटरवर त्या फोल्डरमध्ये ठेवलीय. 'तोडीला गेलेत'. तुझ्या नावानं.